कळलावीचा गड्डा उन्हाळ्यात सडून जातो, चुकतं कुठे?

प्रश्न : गच्चीबाग_जळगाव

राम राम मंडळी. कळलावीबद्दल विचारायचंय (कोणी अग्निशिखा म्हणतात, कोणी खड्यानाग). कुंडी १२ इंची, प्लास्टिकची. माती शेतातली काळी निम्मी, शेणखत निम्मं. मृगात गड्डा लावला, कानबाईच्या सणाच्या सुमारास (श्रावणात) फुलं आली, वेल चार-साडेचार फूट गेला. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वेल वाळला. बाकी कुंड्यांसोबत तिलाही एक दिवसाआड पाणी चालूच होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वरची माती उकरली तर सुरकुतलेलं साल आणि थोडा काळा लगदा, बाकी काही नाही. दोन वर्षं हेच होतंय.

यंदा नर्सरीतून दोन गड्डे नवे आणलेत. त्यातला एक आणतानाच मधोमध मोडला. दोन्ही तुकडे लावले तर दोन वेल होतील का? माती आणि पाणी नेमकं किती? फुलं छान येतात, पण शेंग एकही धरत नाही, ते का? आणि शेवटचं म्हणजे, घरात गुडघेदुखी आहे. गड्डा उगाळून लेप लावा असं दोघा-तिघांनी सांगितलंय. लावावा का? घरात तीन वर्षांचं मूल आहे, हेही सांगून ठेवते.

उत्तर : सातपुडा_पायथा

ताई, सुरकुतलेलं साल सापडलं म्हणजे गड्डा मेला असं लगेच धरू नका. कळलावीचा गड्डा दरवर्षी नवा होतो. जूनमध्ये आपण लावतो तो वेल वाढवण्यात आणि फुलं देण्यात पुरता खर्ची पडतो, त्याचं उरतं ते कागदासारखं साल. वेल हिरवा असतानाच खोडाच्या बुडाशी नवा गड्डा धरतो आणि त्याची टोकं खाली खाली घुसत जातात. कुंडीत तर तो थेट तळाला जाऊन बसतो, कधीकधी भोकातून टोक बाहेर येतं. वरची चार बोटं माती उकरून तो हाती लागत नाही. कुंडी पोत्यावर आडवी करा आणि सगळी माती हाताने मोकळी करा. खुरपं लावू नका, हातमोजे मात्र घाला.

काळा लगदा ही सडल्याची खूण आहे, ती नाकारता येत नाही. चांगला गड्डा कच्च्या बटाट्यासारखा टणक लागतो, नखाने खरवडला तर आत पांढरा दिसतो. सडका मऊ, तपकिरी आणि आंबूस वासाचा.

आता तो का सडतो ते. वेल वाळला की गड्डा झोपतो. पानं नाहीत, मुळंही सुकलेली, म्हणजे मातीतलं पाणी ओढणारं कोणीच नाही. एक दिवसाआड घातलेलं पाणी तसंच मुरून राहतं. आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन एकटं या गड्ड्याला मारत नाही. कोरड्या मातीत तो ते सोसतो. पण ओली माती, त्यात गच्चीवर तापलेली प्लास्टिकची कुंडी, म्हणजे गड्डा अक्षरशः उकडतो आणि मग बुरशी त्याचा ताबा घेते. म्हणून पानं पिवळी पडायला लागली की पाणी निम्म्यावर आणा, अर्धी पानं वाळली की बंद करा. मग मृगापर्यंत थेंबही नको. कुंडी पावसा-पाण्यापासून दूर, जिन्याखाली वगैरे सरकवून ठेवा. अवकाळीची एक सरसुद्धा तिथे पोचायला नको.

काळी माती कपाशीला सोनं आहे, पण कुंडीतल्या गड्ड्याला ती जाचते. पावसात फुगून हवा कोंडते, उन्हात आवळून भेगा पाडते. मिश्रण असं करा : एक घमेलं पोयटा किंवा लाल माती, एक घमेलं धुतलेली जाड रेती (तापी-गिरणेची चालेल, बांधकामाची बारीक भुकटी नको), अर्धं घमेलं वर्षभर कुजलेलं, चाळलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. तुमचं निम्मं शेणखत फार झालं. ते अर्धकच्चं असलं तर मातीत तापतं, शिवाय हुमणी (मुळं खाणारी अळी) सोबत घेऊन येतं. कुंडी १४ ते १६ इंची, मातीची किंवा सिमेंटची असावी, तळाला निदान चार भोकं. भरून झाली की तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी वर तळ्यासारखं थांबलं तर रेती आणखी घाला.

मोडलेल्या गड्ड्याचं उत्तर त्याच्या टोकांवर आहे. कळलावीला डोळा फक्त टोकाला असतो. उसासारखा पेरापेरावर नाही की बटाट्यासारखा अंगभर नाही. गड्डा इंग्रजी व्हीच्या आकाराचा असतो, त्याच्या दोन्ही टोकांचे डोळे शाबूत असतील तर दोन तुकडे म्हणजे दोन वेल. ज्याचं टोक गेलं तो तुकडा मातीत महिनोन् महिने टणक पडून राहतो, पण उगवत नाही. मोडलेली जागा सावलीत तीन दिवस सुकू द्या, वर खपली धरली पाहिजे. लावण्याआधी लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घालून गड्डे अर्धा तास बुडवा, मग सावलीत निथळू द्या. रासायनिक नको असेल तर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात कालवून वापरा. दोन्ही एकत्र मात्र नको, कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्माच मरतो.

लावताना गड्डा आडवा, २ ते ३ इंच खोल, डोळ्याचं टोक कुंडीच्या मध्याकडे. कोंब वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात उतावीळ होऊन उकरू नका. कोवळा कोंब काचेसारखा कटकन मोडतो आणि त्या टोकाचा एकच डोळा असल्यामुळे वर्ष वाया जातं.

गच्चीबाग_जळगाव

तळापर्यंत पाहिलंच नव्हतं. ती माती कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती, आज चाळली. करंगळीएवढा एक गड्डा सापडला, वरून तपकिरी, टणक, टोकाला फिकट डोळा दिसतोय. हा लावू का? फुलेल का?

सातपुडा_पायथा

लावा, पण मोठ्यांसोबत नको, वेगळ्या ८ इंची कुंडीत. फुलाची आशा यंदा धरू नका. ५०-६० ग्रॅमचा गड्डा त्याच वर्षी फुलतो, करंगळीएवढा बहुधा नुसत्या पानांवर वर्ष काढतो आणि खाली स्वतःपेक्षा जाड गड्डा तयार करतो. त्याची पानं दिवाळीपर्यंत हिरवी राखली तर पुढल्या श्रावणात फूल.

उत्तर : केळीपट्टा_रावेर

माती-पाण्याचं वर आलंच आहे. मी आधार, अळी आणि पिवळेपणा एवढंच सांगतो, कारण पावसाळ्यात वेल जातो तो या तिघांपायी.

कळलावीला वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांबून, वळून, स्प्रिंगसारखं कशाला तरी विळखा घालतं. तो विळखा पेन्सिलएवढ्या जाडीलाच बसतो. लोक पीव्हीसी पाइप रोवतात आणि वेल घसरून जमिनीवर लोळतो. तुरीच्या तुराट्या सगळ्यात उत्तम, पाच-सहा फुटी, तीन-चार एकत्र वर बांधून तंबू करा. पऱ्हाटीही (कपाशीच्या वाळक्या काड्या) चालते, पण त्यावरची वाळकी बोंडं आधी तोडून जाळा, त्यांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करून असते. गच्चीवर सुतळीची जाळी ताणली तरी काम होतं. काड्या गड्डा लावतानाच रोवायच्या. नंतर रोवल्या तर काडी नेमकी गड्ड्यातून आरपार जाते, आणि वेल महिन्याने का मलूल पडला हे कळतही नाही.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन चार-पाच तास मिळेल आणि दुपारी दोननंतर सावली. वेलाचं डोकं उन्हात, बूड गारव्यात. बुडाशी केळीची वाळकी पानं दोन बोटं पसरली तर गच्चीचा ताव लागत नाही. फक्त खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर झडीच्या पावसात खोड तिथेच कुजतं.

अळी : जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर काळी, अंगभर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके असलेली अळी दिसेल. ही लिलीवरची अळी. कळलावी आणि लिलीच्या जातीची झाडं हेच तिचं खाणं. या झाडाचं विष तिला बाधत नाही. लहान असताना घोळक्याने पानाची खालची बाजू खरवडते, मोठी झाली की दोन दिवसांत वेलाचं नुसतं खोड उरतं, कळ्याही सोडत नाही. कुंडीतल्या एका-दोन वेलांना फवाऱ्याची गरज नाही. सकाळी पानं उलटी करून बघा, अंडीपुंज असलेलं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, अळ्या चिमट्याने वेचा. जास्त झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. तुमच्याकडे बाजूला लिली असेल तर तीही तपासा, तिच्यावरून परत येते.

पिवळेपणा दोन तऱ्हांचा असतो. खालची जुनी पानं ऑक्टोबरात पिवळी पडतात, ती झोपेची तयारी, हात लावू नका. पण भर पावसाळ्यात शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असून झाडाला मिळत नाही. कळलावीला मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ लागतो, आपली काळी माती बहुधा ८ च्या आसपास. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व), ऊन उतरल्यावर फवारा, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. पावसाचं पाणी पिंपात धरून तेच घातलं तर हा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही.

खत : कोंब हातभर झाल्यापासून कळ्या दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम. कळ्या दिसल्यावर नत्र थांबवा, नाहीतर पानंच पानं. फुलं संपल्यावर ०:०:५० (नुसतं पालाश), लिटरला ३ ग्रॅम, दोनदा. लोक फुलं गेली की वेलाकडे पाहत नाहीत, पण पुढल्या वर्षीचा गड्डा भरतो तो याच दीड महिन्यात.

उत्तर : औषधीबाग_धुळे

ताई, लेपाचं उत्तर आधी : लावू नका. कुठल्याही कारणाने, कितीही थोडा.

या झाडाचं औषधी मोल खरं आहे आणि म्हणूनच ते घरात वापरायचं नाही. गड्ड्यात आणि बियांत कोल्चिसिन असतं. वातरक्त, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा लाल होऊन ठणकतो तो आजार, त्यावर डॉक्टर हेच औषध देतात आणि त्याची गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं वजन. वाळलेल्या गड्ड्यात कोल्चिसिन साधारण ०.१ ते ०.३ टक्के धरलं तर एका ग्रॅममध्ये १ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे दोन ते सहा गोळ्या. बियांत त्याहून जास्त. सहाणेवर उगाळताना किती उतरलं हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय गुडघेदुखी बहुतेक वेळा झिजेची असते, तिचा कोल्चिसिनशी संबंध नाही. रस कातडीला लागला तर आग होते, पुरळ येतं. खरचटलेल्या जागेवर लावला तर अंगात भिनतो.

पोटात गेलं तर काय होतं हे घरात मूल असल्यामुळे नीट सांगते. कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. म्हणून ज्या पेशी सतत नव्या होतात त्यांवर पहिला घाव : आतडं, हाडांतला मगज, केसांची मुळं. दोन ते बारा तासांत तोंडा-घशात आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. मग कधीकधी थोडं बरं वाटतं, आणि इथेच घात होतो. पुढच्या दोन ते सात दिवसांत रक्तातल्या पेशी घसरतात, मूत्रपिंड, हृदय निकामी होऊ शकतं. जो वाचतो त्याचे केस साधारण दुसऱ्या आठवड्यात गळतात. दवाखान्यात सहज मिळेल असा उतारा यावर नाही. शंका आली तरी उलटीची वाट न बघता, मीठ-पाणी पाजत न बसता, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. गड्ड्याचा किंवा वेलाचा तुकडा पिशवीत सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लं हे शोधत बसावं लागणार नाही. उलट्या थांबल्या म्हणून घरी परतायचं नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गड्डा रताळं किंवा रानकंद समजून शिजवण्यात. शिजवून विष जात नाही. म्हणून साठवणीचे गड्डे स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीच नको. डब्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. वाळलेला वेल गोठ्यात किंवा बकऱ्या फिरतात त्या उकिरड्यावर टाकू नका, पुरा.

नावाचा अर्थही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कळ लावणारी ती कळलावी : अडलेल्या बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी गड्ड्याचा लेप देत. संस्कृतातलं गर्भनुत हे नावही तेच सांगतं. घरात कोणी गरोदर असेल तर तिने गड्डे हाताळूच नयेत. आयुर्वेदात ही 'लांगली', नांगरासारख्या गड्ड्यामुळे. तिथेही ती उपविषांत मोजतात आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. कायद्यानेही, औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातल्या विषारी द्रव्यांत लांगली आहे, त्यामुळे ती असलेलं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

हेच कोल्चिसिन शेतीत वेगळं काम करतं. १९३७ मध्ये कळलं की ते कोवळ्या कोंबाला लावलं तर गुणसूत्रं दुप्पट होतात. आपण बिनबियांचं टरबूज खातो ते या शोधाचं फळ.

उत्तर : नागदवणा

शेंगेचं राहिलं. फूल जवळून बघा : पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, सहा पुंकेसर बाहेर पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वाकून एका बाजूला गेलेली. ती परागापासून मुद्दाम लांब ठेवल्यासारखी असते. स्वतःचा पराग स्वतःवर पडू नये याची ही सोय आहे. रानात फुलपाखरं, मधमाश्या हे काम करतात, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कोण येणार?

हाताने करता येतं. फूल उमलतं तेव्हा हिरवट असतं, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल होतं, शेवटी सगळंच तांबडं. पाकळ्या पिवळ्या-लाल असतात तो काळ योग्य. सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान पुंकेसर फुटून पिवळी पूड दिसली की एका वेलाच्या फुलातली पूड कोरड्या ब्रशने उचलून दुसऱ्या वेलाच्या फुलातल्या वाकड्या दांडीच्या तीन फाट्यांवर लावा. एकाच गड्ड्याच्या दोन तुकड्यांपासून झालेले वेल हे एकच झाड समजायचं. तुमच्याकडे आता दोन वेगळे गड्डे आहेत, त्यांची अदलाबदल करा. पाऊस असेल त्या दिवशी नको, पराग भिजून वाया जातो.

पण ताई, तुम्ही हे करू नये असं माझं मत आहे. शेंग उकलली की आत लालभडक दाणे दिसतात, मुलाला हमखास खुणावतील असे. आणि बियांपासून वेल फुलायला तीन-चार वर्षं जातात. तमिळनाडूत शेतकरी बियांसाठीच ही लावतात, औषध कंपन्या घेतात म्हणून. गच्चीवर त्याचा काय उपयोग? सुकलेली फुलं खुडत जा, ताकद गड्ड्यात उतरेल.

केळीपट्टा_रावेर

खुडण्याशी सहमत. फक्त फुलाचा देठ खुडा, शेंड्याची पानं ओढली जाऊ देऊ नका.

गच्चीबाग_जळगाव

लेप रद्द, शेंगाही रद्द. कुंडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी कठड्याआड जाळीत ठेवते. एकच विचारते : गड्डे उन्हाळ्यात कुंडीतच कोरडे ठेवू की काढून ठेवू?

सातपुडा_पायथा

मातीच्या कुंडीत, घरातल्या गार कोपऱ्यात राहणार असेल तर कुंडीतच ठेवा, हाताळणी जितकी कमी तितकं टोक शाबूत. पण प्लास्टिकची असेल किंवा गच्चीशिवाय जागा नसेल तर काढा. वेल पूर्ण वाळल्यावर तीन आठवडे थांबा, तोवर गड्ड्याची साल पक्की होते. मग काढून, न धुता, माती नुसती झटकून सावलीत आठवडाभर सुकवा. माठात तळाला कोरडी रेती, वर गड्डे एकमेकांना न टेकता, पुन्हा रेती. तोंडाला सुती फडकं बांधा, झाकण घट्ट लावू नका. माठ जमिनीलगत, उंचावरच्या फळीवर नको, तिथे गरम हवा साठते. तुमच्या घरात मात्र तो कुलूप लागतं अशाच खोलीत ठेवा. आखाजीला एकदा उघडून दाबून बघा, मऊ लागेल तो काढून टाका, म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. डोळा फुगलेला दिसला तर पावसाची वाट न बघता लावून टाका, नाहीतर कोंब रेतीतच वाकडा होऊन मोडतो.

आणि गड्डे वाढवायचे असतील तर नर्सरीतूनच आणा. यावल अभयारण्यातून झाड उपटणं हा गुन्हा आहेच, पण बाकीच्या सातपुड्यातही ओढ्याकाठचे वेल गड्ड्यांसाठी खणून विरळ झालेत. रानातला गड्डा हात-दीड हात खोल असतो, खणताना टोक मोडतं आणि वर आणलेला अर्धा उगवतही नाही.